काकाजी खुर्चीत असताना

काकाजींना मत विचारायचं नाही, ही हिंगणघाटात मला मिळालेली पहिली सूचना. सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून रुजू व्हायला गेले, तेव्हा शिपायानं पाण्याचा पेला पुढे करता करता ती दिली. "अध्यक्ष चांगले हायेत बाई. फक्त त्यायले 'तुमाले काय वाट्टे' असं इचारू नका. सांगतच नाईत."

मला वाटलं, माणूस गर्विष्ठ असेल. पुढे त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहायला गेले आणि गर्वाचा संशय पहिल्या जेवणातच फिटला. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "वांगे करू का चवळीच्या शेंगा?" काकाजी पाटावर बसले होते. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, अंगात मे महिन्यातही बंद गळ्याचा खादीचा कोट. त्यांनी आपल्या मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, वांगी. काकू म्हणाल्या, शेंगा. मग काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नवी भाडेकरू, भीत भीत म्हटलं, वांगी चालतील.

"वांग्याच्या बाजूनं बहुमत आहे," काकाजी गंभीरपणे म्हणाले, आणि जेवण होईपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत.

काकू आतून बडबडत होत्या. "मी माहेरची रोहण्याची. आमच्या घरी माणसं भांडत, रुसत, ताटं आपटत. अथी येऊन पाह्यते तं नवरा सभापती. लगन झालं तवा साधा वकील होता वं पोरी. दिल्लीले गेलता आन् असा होऊन आला."

दिल्लीची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, पण काकाजींच्या तोंडून ती कुणी ऐकलेली नव्हती. मी ऐकली ती काकूंकडून. काकाजी एकदाच लोकसभेवर निवडून गेले. तिथं अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघंही सभागृहात नसले, तर कामकाज चालवायला काही खासदारांची नावं आधीच ठरलेली असतात. त्यात काकाजींचं नाव होतं. बहुतेक दुपारी, सभागृह अर्धं रिकामं असताना, ते त्या उंच खुर्चीत बसत. अशाच एका दुपारी विरोधी बाकावरचा एक सदस्य बोलायला उभा राहिला आणि काकाजींच्याच पक्षाच्या मंत्र्याबद्दल अडचणीचं काहीतरी विचारू लागला. मंत्री मध्येच उभे राहून बोलू लागले. काकाजींनी त्यांना खाली बसायला सांगितलं. मंत्री बसले नाहीत. काकाजींनी पुन्हा सांगितलं. शेवटी ते स्वतः खुर्चीतून उभे राहिले. अध्यक्षस्थानी बसलेला माणूस उभा राहिला की सगळ्यांना बसावंच लागतं. मंत्र्यांना बसावं लागलं. विरोधी सदस्याचं बोलणं पूर्ण झालं. पुढच्या निवडणुकीत काकाजींना तिकीट मिळालं नाही.

"मी म्हटलं, काऊन बसवलं त्या मंत्र्याले?" काकू सांगत होत्या. "तं म्हणते कसे, त्या माणसाची पाळी होती. बस. त्याची पाळी होती म्हणून आमची खासदारकी गेली."

गावी परत आल्यावर काकाजींनी वकिली पुन्हा सुरू केली, पण ती काही चालली नाही. पक्षकार बोलायला लागला, की हे विचारत, "समोरच्याचं काय म्हणणं आहे?" पक्षकाराला वाटे, वकील आपला की त्याचा? मग वाचनालयानं त्यांना अध्यक्ष केलं. निवड झाली त्याच दिवशी त्यांनी पक्षाच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. पक्षाचे तालुक्यातले लोक आधी चिडले, मग हसून हसून बेजार झाले. सहा कपाटं, एक गळकी ओसरी आणि दोन वर्तमानपत्रांच्या वाचनालयाचा अध्यक्ष निःपक्षपाती राहावा म्हणून पक्ष सोडणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. काकाजींचं म्हणणं एवढंच, की खुर्ची मोठी की लहान, हे खुर्चीत बसणाऱ्यानं ठरवायचं नसतं.

त्यांच्या दोन भाषा होत्या. खुर्चीत असले की छापील मराठी. खुर्चीतून उतरले की आमच्या इकडची वऱ्हाडी. सभा सुरू होण्याआधी ओसरीत उभे राहून "काय म्हणते सरकी? भाव गिव हाय का नाई?" असं विचारणारा माणूस खुर्चीला पाठ टेकताच "सन्माननीय सदस्यांनी आपापल्या जागी बसावं" असं म्हणे. सदस्य कोण? एक डॉक्टर, दोन-तीन शिक्षक, एक आडत्या, कापडाच्या मिलमधला एक जॉबर म्हणजे मुकादम, एक शिंपी. सन्माननीय म्हटल्यावर शिंपी खरोखरच सावरून बसायचा.

सभेच्या आठवड्यात ते कुठल्याही सदस्याच्या घरी चहा घेत नसत. रस्त्यात कुणी शिवी दिली, तर हात वर करून जाहीर करत, "हा शब्द कामकाजातून काढून टाकला." एकदा मिलच्या फाटकाजवळ दोन सायकलरिक्षावाले भांडत होते. काकाजींनी शब्द काढून टाकला. त्यातला एक म्हणाला, "काढा काकाजी, काढा. माह्यापाशी लय हायेत." काकाजी तिथंच थांबले. आधी एकाला बोलायला लावलं, मग दुसऱ्याला. मध्ये बोलणाऱ्याला गप्प केलं. दोघांचं बोलणं झाल्यावर ते काही न बोलता निघून गेले. निकाल नाहीच. पण भांडण संपलेलं होतं, कारण दोघांनाही आपलं म्हणणं पूर्ण ऐकून घेणारा माणूस बहुधा प्रथमच भेटला होता.

माझ्यावर त्यांचे उपकार आहेत ते एका सभेमुळे. मी नोकर, सदस्य नव्हे, त्यामुळे सभेत मला बोलता येत नसे. कुठली पुस्तकं घ्यायची यावर चर्चा चालली होती. ओसरीत येणारे मिलकामगार काय मागतात ते मला ठाऊक होतं. काकाजींनी सभागृहाची परवानगी घेऊन मला बोलायला उभं केलं. मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोच आडत्या म्हणाला, "बाईले काय समजते पुस्तकातलं? पोरगी हाय, धूळ झटकाले ठेवली."

काकाजींनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. "सन्माननीय सदस्यांनी हे शब्द मागे घ्यावेत."

आडत्या हसला. "मजाक केली ना काकाजी."

"शब्द मागे घेतले जाईपर्यंत सभा पुढे जाणार नाही."

आणि सभा पुढे गेली नाही. मिलचा भोंगा झाला, पाळी बदलली, रस्त्यावरून कामगारांच्या सायकली गेल्या. सगळे घड्याळाकडे बघत होते. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. काकाजी खुर्चीत ताठ बसून समोरच्या भिंतीकडे पाहत होते, जणू त्यांना कुठंच जायचं नव्हतं. अखेर आडत्या उठला आणि घसा खाकरून म्हणाला, "घेतले बा मांगं." काकाजी माझ्याकडे वळले. "ग्रंथपालांनी आपलं बोलणं पुढे चालू करावं."

मी केलं. त्यानंतर त्या खोलीत मला कुणी पोरगी म्हटलं नाही.

थूल मास्तर हे आमच्या कार्यकारिणीतले एक सदस्य. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. त्यांच्या वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. घरातला पहिला शिकलेला माणूस म्हणजे मास्तर. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. संध्याकाळी वाचनालयाच्या ओसरीत बसून ते मिलकामगारांना वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत आणि वाचता वाचता त्यावर आपलं मतही देत. आणीबाणी आली आणि वर्तमानपत्रं एकाएकी गोड बोलायला लागली. मास्तरांचा आवाज मात्र तसाच राहिला. पावसाळ्यातल्या एका सकाळी पोलिसांची जीप त्यांना घरून घेऊन गेली. कुठं नेलं, किती दिवसांसाठी, कुणाला काही सांगितलं नाही. मिसा कायद्याखाली नेलं, एवढं गावभर कुजबुजत पसरलं. पण मोठ्यानं कुणी उच्चारलं नाही. ओसरीत कामगार येत, वर्तमानपत्र मनातल्या मनात वाचत आणि निघून जात. मास्तरांची बायको बाजारात दिसली, की ओळखीची माणसं भाजीकडे वाकून पाहत.

महिने गेले. एका दुपारी आमचे उपाध्यक्ष वैरागडे डॉक्टर वाचनालयात आले. भला माणूस. गरिबांना फुकट तपासायचा. पण त्या दिवसांत त्यांचा चेहरा सदा घामेजलेला असे. काकाजींसमोर बसून ते हळू आवाजात म्हणाले, "काकाजी, थूलचं नाव कार्यकारिणीतून कमी कराले पाह्यजे. लागोपाठ सभेले गैरहजर हाय. नियमातच बसते. वरून इचारणा झाली तं वाचनालयाले कुलूप लागन."

"वरून म्हणजे कोठून?"

"तुमाले काय समजत नाई का?"

"ठराव आणायचा असेल तर आणा," काकाजी म्हणाले. "सभेत बघू." आणि डॉक्टर गेल्यावर त्यांनी टोपी घातली. मला म्हणाले, "चाल वं. ठाण्यात जाऊ."

मी का म्हणून गेले, मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा त्या आडत्याच्या सभेमुळे. ठाणेदार नवा होता, तरुण. काकाजी माजी खासदार म्हणून त्यानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला. काकाजींनी चहा परत पाठवला.

"आमच्या वाचनालयाचे एक सदस्य, थूल मास्तर, यायले तुमी पकडलं?"

ठाणेदारानं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "काकाजी, ते इचारू नका."

"मी इचारून नाई राह्यलो. हक्कानं मांगून राह्यलो. सदस्याले अटक झाली तं त्याची खबर अध्यक्षाले द्या लागते. आन् अध्यक्षानं ते सभागृहाले सांगा लागते."

"ते लोकसभेत!" ठाणेदार हसला. "हे काय लोकसभा हाय का? वाचनालय हाय ना काकाजी."

"माणूस तोच हाय आन् पकडणारे तुमीच आहा. सभागृह लहान हाय म्हणून माणूस लहान होते का?"

ठाणेदाराचं हसू गेलं. तो उठून उभा राहिला. "पाहा काकाजी, तुमचं वय पाहून बोललो. जास्त कराल तं तुमालेबी आत घ्या लागन."

"घ्या ना," काकाजी म्हणाले. "पण घेसान तवा आमच्या उपाध्यक्षाले खबर देजा. वैरागडे डॉक्टर. दवाखाना बाजारात हाय."

आम्ही बाहेर आलो. काकाजी रस्त्याच्या कडेला थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "माणूस पापी नाई. भ्यालेला हाय." मग थोडं चालून गेल्यावर, "मीबी भ्यालो होतो वं. दिसलं का?"

"नाही."

"बरं झालं."

सभेच्या दिवशी सगळे आले. एरवी निम्मेच येत. दाराजवळच्या बाकावर एक अनोळखी माणूस वर्तमानपत्र उघडून बसला होता आणि पान उलटत नव्हता. तो कोण हे सगळ्यांना कळलं होतं. काकाजी खुर्चीत बसले. विषयपत्रिका मी त्यांच्यापुढे ठेवली, ती त्यांनी बाजूला सारली आणि ते उभे राहिले.

"कामकाज सुरू करण्यापूर्वी सभागृहाला एक गोष्ट कळवणं माझं कर्तव्य आहे. आपले सन्माननीय सदस्य थूल मास्तर यांना अटक झाली आहे. अटक का झाली आणि त्यांना कुठं ठेवलं आहे, हे अध्यक्षांनी विचारूनही कळवण्यात आलेलं नाही. त्यामुळे ते सभेस उपस्थित राहू शकत नाहीत."

इतके महिने गावात जे कुणी ओठाबाहेर काढलं नव्हतं, ते त्यांनी नेहमीच्या सपाट आवाजात सांगून टाकलं. शिंपी गोंधळला. तो उठून उभा राहिला, मान खाली घालून, शोकसभेत राहतात तसा. त्याचं पाहून आणखी एकदोघे उठले.

"सदस्यांनी बसून घ्यावं," काकाजी म्हणाले. "मास्तर जिवंत आहेत."

मग डॉक्टरांनी ठराव मांडला. काकाजींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि निर्णय दिला: गैरहजर तो, जो येऊ शकत असूनही येत नाही. ज्याला कोंडून ठेवलंय तो गैरहजर नसतो. ठराव नियमात बसत नाही.

डॉक्टरांचा संयम सुटला. "हा निर्णय हाय का तुमचं मत हाय, काकाजी? खुर्चीच्या आडून मत द्याचं असन तं तसं सांगा!"

काकाजींना मत विचारलं गेलं होतं.

ते डॉक्टरांकडे वळले. मग म्हणाले, "तो निर्णय होता. मत हवं असेल, तर मला इथून उतरावं लागेल. उपाध्यक्षांनी कृपया खुर्ची घ्यावी."

ते खरंच उतरले. टेबलाला वळसा घालून शिंप्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. डॉक्टरांना कळेना काय करावं. पण उपाध्यक्ष तेच होते, आणि खुर्ची रिकामी होती. ते जाऊन बसले. अगदी कडेला.

"अध्यक्ष महोदय," काकाजी डॉक्टरांना म्हणाले आणि पुढचं सगळं वऱ्हाडीत बोलले. "माह्यं मत असं हाय का थूल मास्तराले पकडलं हे वाईट झालं. त्यायनं चोरी नाई केली, मारामारी नाई केली. पेपर वाचला. आपण सारे पेपर वाचतो, तो मोठ्यानं वाचे. आता तो जेलात हाय आन् आपण अथी बसून त्याचं नाव खोडून राह्यलो. पोलिसानं पकडला त्याचं शरीर. नाव तं आपल्यापाशी होतं ना? थेबी आपण सोता होऊन द्याचं?"

"बसा काकाजी!" आडत्या ओरडला. "तुमच्या पायी सारे जातीन! डॉक्टर, त्यायले बसवा!" आणखी दोघे ओरडले. दाराजवळच्या माणसानं वर्तमानपत्राची घडी घातली. काकाजी बोलायचे थांबले आणि खुर्चीकडे पाहत उभे राहिले. ते डॉक्टरांच्या परवानगीची वाट पाहत होते.

डॉक्टरांचा घाम कानशिलावरून ओघळत होता. दाराकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग त्यांचे हात टेबलावर आले, काकाजी ठेवत तसे पालथे. मला वाटतं, त्यांना स्वतःलाही ते कळलं नसावं.

"सदस्यांनी मध्ये बोलू नये," डॉक्टर म्हणाले. आवाज चिरका निघाला. त्यांनी पुन्हा म्हटलं, "त्यांची पाळी आहे. त्यांना बोलू द्या."

काकाजींनी बोलणं पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आमच्या दारात होती.

काकाजी तयार होते. कोटाची बटणं लावत त्यांनी ठाणेदाराला विचारलं, "डॉक्टरले खबर दिली?" ठाणेदार म्हणाला, देतो नंतर. काकाजी जीपच्या पायरीवर पाय ठेवून उभे राहिले आणि चढेनात. गल्लीत माणसं जमू लागली. शेवटी ठाणेदारानं जीप बाजारातून नेली, दवाखान्यासमोर थांबवली आणि उतरून आत गेला. रोग्यांच्या बाकांसमोर त्यानं डॉक्टरांना सांगितलं, "तुमच्या अध्यक्षाले घेऊन चाललो. तुमाले सांगाले लावलं त्यायनं." हे मला तिथं बसलेल्या बायकांनी नंतर सांगितलं. त्यांनी हेही सांगितलं की डॉक्टर बाहेर आले आणि जीप वळेपर्यंत रस्त्यात उभे राहिले.

काकूंनी त्या दिवशी चूल पेटवली नाही. संध्याकाळी मी पोळ्या केल्या. त्या म्हणाल्या, "दिल्लीत खासदारकी घालवली. अथी सोताले घालवलं. आता काय राह्यलं वं या माणसाचं घालवाचं?" रडल्या मात्र नाहीत. दुसऱ्या दिवशी थूल मास्तरांच्या घरी गेल्या आणि मास्तरांच्या बायकोसोबत बाजारात भाजी घ्यायला निघाल्या. दोघी मुद्दाम रस्त्याच्या मधून चालत होत्या.

पुढची सभा डॉक्टरांनी घेतली. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. खुर्चीत नीट मागे टेकून बसले, मग उभे राहून म्हणाले, सभागृहाला कळवतो की आपले अध्यक्ष यांना अटक झाली आहे. थूल मास्तर अद्याप अटकेत आहेत. दोघंही गैरहजर धरले जाणार नाहीत. नंतर ते खाली बसले आणि पुष्कळ पाणी प्यायले. नाव कमी करण्याचा ठराव पुन्हा कुणी आणला नाही. वाचनालयाला कुलूपही लागलं नाही.

काकाजी दिवाळीनंतर सुटून आले. बारीक झाले होते, कोट अंगावर लोंबत होता. अंगणात बसून त्यांनी गूळपाणी घेतलं आणि मला पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टरनं खबर दिली सभेत?"

"दिली."

"आधी खबर का आधी विषय?"

"आधी खबर."

"बराबर केलं," म्हणाले, आणि मग काकूंकडे वळून पाहिलं.

थूल मास्तर पुष्कळ नंतर सुटले. परत येऊन ओसरीत वर्तमानपत्र वाचायला बसले. आवाज थोडा बसला होता, हसणं तेवढंच होतं.

इथवर सांगितलं की लोकांना वाटतं, काकाजींची गावात आता पूजा होत असेल. तसं काही झालं नाही. वर्षं गेली. गावात टीव्हीच्या उंच काड्या छपरांवर दिसू लागल्या. मिलच्या पाळ्या कमी झाल्या. कार्यकारिणीत नवी माणसं आली. त्यात सुधाकर होता. टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचा. हुशार, घाईचा, कामसू. त्यानं योजना आणली: वाचनालयाची ओसरी रस्त्यालगत आहे, ती बंद करून तिथं दुकानांचे गाळे काढावेत. ओसरीतलं वर्तमानपत्र फुकट वाचणारे कामगार आत येऊन, सदस्य होऊन वाचतील. काकाजींनी या योजनेवर प्रत्येकाला बोलू दिलं. मग प्रत्येकाला उत्तर देऊ दिलं. मग उत्तरांवर बोलू दिलं. सभेमागून सभा गेली. निकाल लागेना. सुधाकरला वाटे, म्हातारा मुद्दाम लांबवतोय. त्यानं काकाजींना अध्यक्षपदावरून काढण्याचा ठराव दिला.

ठरावाच्या आदल्या आठवड्यात थूल मास्तर घरी आले. अंगणात उभ्यानंच म्हणाले, "काकाजी, मी ठरावाच्या बाजूनं हात वर करणार हावो. तुमच्यावर राग नाई. पण तुमी खुर्चीत आहा तोपर्यंत काईच ठरत नाई. तुमचं वय झालं."

काकाजी म्हणाले, "मले काऊन सांगतं? सभेत सांगजो. मोठ्यानं सांगजो, मांगच्यायले ऐकू येत नाई."

मास्तर गेल्यावर काकू फणकारल्या. "ज्याच्यापायी जेलात गेले, तोच!"

"त्याच्यापायी नाई गेलतो," काकाजी म्हणाले. "त्याले हे असं बोलता यावं म्हणून गेलतो."

त्या सभेत डॉक्टर खुर्चीत होते. ज्याला काढायचं, त्यानं त्या वेळी खुर्चीत बसायचं नसतं, हे काकाजींनीच सांगितलं. पण सभासद म्हणून त्याला बोलता येतं आणि मतही देता येतं. मतदानाला काकाजी काय करतात, याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. भला माणूस, स्वतःसाठी हात वर करणार नाही, असं बहुतेकांनी धरलं होतं. ठरावाच्या विरोधात कोण, असं डॉक्टरांनी विचारताच काकाजींचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला, अगदी सरळ. कुणीतरी हसलं. काकाजी मागे वळून म्हणाले, "माह्या हक्काचं मत हाय. काऊन वाया घालवू?"

तरी ते हरले. थूल मास्तरांनी मोठ्यानं सांगून ठरावाच्या बाजूनं मत दिलं. सुधाकर अध्यक्ष झाला. काकाजी घरी आले, कोट खुंटीला लावला आणि काकूंनी विचारायच्या आत म्हणाले, "आज शेंगा कर. मले शेंगा आवडतात. वांगे मले कधीच नाई आवडले." काकूंनी हातातली पळी खाली ठेवली आणि शेंगा मोडायला घेतल्या.

नव्या अध्यक्षाच्या पहिल्या सभेत विषय एकच होता, ओसरी. सुधाकरला वाटलं, आज मतदान घेऊन मोकळं होऊ. काकाजी सर्वांत आधी येऊन पहिल्या रांगेत बसले होते. विषय पुकारताच ते उभे राहिले.

एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं. ओसरीत कोण येतं, ते आत का येणार नाहीत, मळक्या कपड्यांच्या माणसाला उंबरठा कसा अडवतो, दुकानाचं भाडं एकदा गोड लागलं की उरलेल्या खोल्याही कशा जातात, हे त्यांनी वऱ्हाडीत, हातवारे करत, मध्ये थांबून पाणी पीत सांगायला सुरुवात केली. थूल मास्तर डोळे मोठे करून ऐकत होते. मला दिसत होतं, ते मनातून बदलत होते. शिंपी, डॉक्टर, सगळेच. एवढं बोलणारा माणूस इतकी वर्षं गप्प बसून आपल्या सगळ्यांचं ऐकत होता, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर उमटत होतं.

तेवढ्यात वारा सुटला आणि खिडकी आपटायला लागली. सुधाकर ती लावायला उठला.

काकाजी तत्क्षणी खाली बसले. वाक्य अर्धंच राहिलं.

सुधाकर खिडकीला हात लावून वळला तर सभा चिडीचूप. त्याला समजेना. "बोला ना काकाजी. काऊन बसले?"

"अध्यक्ष उठले का सदस्यानं बसाचं असते."

"मी तं खिडकी लावाले उठलो!"

"काऊन उठले हे सदस्यानं इचाराचं नसते," काकाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी त्यांचा चेहरा जवळून पाहत होते. ज्यानं आपल्याला काढलं त्या पोराकडे ते, दिल्लीच्या त्या मंत्र्यानं खुर्चीकडे बघायला हवं होतं तसं, बघत होते.

सुधाकरचा हात खिडकीवरून खाली आला. तो परत जाऊन खुर्चीत बसला, शर्ट सावरला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच छापील मराठीत बोलायचा प्रयत्न करत म्हणाला, "सन्माननीय सदस्यांनी... आपलं बोलणं पुढे चालू करावं."

काकाजी उठले आणि अर्ध्यावर राहिलेलं वाक्य पुढे बोलू लागले. खिडकी आपटत राहिली, टेबलावरचे कागद उडाले, मिलचा भोंगा झाला. सुधाकर दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसून होता आणि जागचा हलला नाही. काकाजींचं बोलणं लवकर संपणारं नव्हतं.